मामी, त्या कठड्यावरून उडी मारता येईल का?

पूर्वी माणसाची ओळख पटवायची झाली तर त्याची पत्रिका मागवीत. पुढे पत्रिकेऐवजी पगाराचा दाखला आला. आता दोन्हींची गरज उरलेली नाही. गेल्या आठ दिवसांत त्याने आपल्या फोनवर काय काय शोधलं, एवढी यादी हाती आली की माणूस कळला! 'गुडघेदुखीवर घरगुती उपाय', 'स्वस्तात काशीयात्रा', 'मुलीसाठी स्थळ, पुणे-ठाणे चालेल' : साठीच्या आसपासचा पापभीरू गृहस्थ. 'वजन कमी करण्याचे उपाय' आणि लगेच त्याखाली 'जवळात जवळची मिसळ' : हा तर आपल्यातलाच.

पण एखादी यादी अशी निघते : 'खाडीत टाकलेलं प्रेत किती दिवसांनी वर येतं', '१९५२ साली पुणे-मुंबई थर्ड क्लासचं भाडं', 'नऊवारीच्या ओच्यात पिस्तूल मावतं का', 'मांजर रक्त चाटतं का' आणि सरतेशेवटी 'रात्री झोप न येण्याची कारणं'. ही यादी वाचून आपल्या पोटात गोळा येतो. येऊ देऊ नका. हा गृहस्थ खुनी नाही. खुनी माणूस इतका अभ्यास करीत नाही. हा गोष्टी लिहितो.

हे मी खात्रीने सांगतो, कारण दिवाळी अंकांना बऱ्यावाईट रहस्यकथा पुरवण्याचा धंदा मीही करतो. फोनला मात्र हा फरक अजून कळलेला नाही. खाडीतल्या प्रेताची चौकशी केली, तर दुसऱ्या दिवसापासून तो मला अलिबागच्या बोटीची तिकिटं विकायला बघतोय. दोरखंड किती वजन पेलतो असं विचारलं, तर त्याने मला गॅलरीत टांगायचे झोपाळे दाखवले. सौभाग्यवतींनी त्यातला एक पसंतही केला! कथेचं मानधन यायचं आहे. झोपाळा येऊन लागला.

सांगायचा मुद्दा असा, की हा रोग फोनने आणलेला नाही. फोनच्या आधी टपाल होतं, आणि टपालाच्या दुसऱ्या टोकाला एखादी मामी होती.

मामी हा शब्द मी गमतीने वापरत नाही. इंग्रजीत काकू, मामी, मावशी, आत्या या चौघींना मिळून एकच 'आँट' असते. पण जोसेफिन मरे या बाई म्हणजे जेम्स जॉइसच्या आईच्या भावाची बायको. आपल्या हिशेबाने सख्खी मामीच. तर नोव्हेंबर १९२१ मधली गोष्ट. जॉइस पॅरिसमध्ये बसून 'युलिसीस' ही अवाढव्य कादंबरी हातावेगळी करीत होता. कादंबरी घडते १६ जून १९०४ या एका दिवशी, डब्लिन शहरात. आणि जॉइसने १९१२ नंतर डब्लिनचं तोंड पाहिलेलं नव्हतं. कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम दिवसभर गावभर हिंडून मध्यरात्रीनंतर घरी येतो. एकल्स स्ट्रीट, घर नंबर ७. येऊन बघतो तो किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात राहिलेली!

आता साधा लेखक इथे काय करील? 'ब्लूमने कडी वाजवली' असं लिहून मोकळा होईल. फार तर एक खिडकी उघडी ठेवील. कादंबरी आपली, घर आपलं, खिडकी आपल्या बापाची! पण जॉइसला ब्लूम चोरपावलांनी आत जायला हवा होता. डब्लिनच्या जुन्या घरांपुढे तळघराला उजेड मिळावा म्हणून एक खोलगट जागा सोडलेली असते आणि तिच्याभोवती लोखंडी गजांचा कठडा असतो. जॉइसने मामींना पत्र घातलं. त्यातली पृच्छा अशी, की सामान्य माणसाला ७ नंबरच्या घराचा तो कठडा ओलांडून, त्याच्या अगदी खालच्या भागाला लोंबकळून, पाय जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आले की हात सोडून, कुठे न लागता खाली उतरता येईल का? त्याने स्वतः एकाला असं उतरताना पाहिलं होतं. पण तो गडी अंगाने कसलेला, आणि ब्लूम पडला वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करीत फिरणारा अडतीस वर्षांचा संसारी माणूस.

कल्पना करा. भाचा वर्षानुवर्षं परदेशात. टपाल येतं. मामी लगबगीने पाकीट फोडते. तब्येत कशी आहे, मुलं काय म्हणतात, पैशाचं काय झालं... आणि आत हे! आमची मामी असती तर तिने ते पत्र मुकाट्याने मामाच्या हातात ठेवलं असतं आणि "तुमच्या बहिणीचा मुलगा" एवढंच म्हटलं असतं. त्या तीन शब्दांत सगळं आलं असतं.

ब्लूम कादंबरीत त्या कठड्यावरून उतरला. त्याची उंची पाच फूट साडेनऊ इंच होती, हेही जॉइसने नोंदवून ठेवलं. म्हणजे कुणा वाचकाला हिशेब तपासायचाच असला तर अडचण नको. २ फेब्रुवारी १९२२ रोजी पुस्तक बाहेर आलं. मामींना मात्र ते वाचण्याजोगं वाटलं नाही. कठडा बरोबर होता. बाकीच्या मजकुराबद्दल तक्रार होती. आज ते घर राहिलेलं नाही. पण त्याचं दार डब्लिनच्या जेम्स जॉइस सेंटरमध्ये जपून ठेवलंय. ज्या दाराची किल्ली ब्लूम विसरला, ते दार बघायला जगभरातून माणसं येतात. ब्लूम हा मुळात कधी नव्हताच, हे त्यांनाही ठाऊक असतं.

मामींना विचारण्यात एक फायदा होता, तो फोनमध्ये नाही. फोन विचारलं तेवढंच सांगतो. माणूस विचारलं त्याच्या दहापट सांगतो. आमच्या कॉलनीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब आहेत. मी त्यांना विचारलं, "जुन्या काळी रात्रीच्या मालगाडीत गार्डच्या डब्यात उजेड कशाचा असायचा हो?" त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं : कंदिलाचा. पण तो एक शब्द सांगायला त्यांना दीड तास लागला. त्यात घाटातला पाऊस आला, गार्डाची लोखंडी ट्रंक आली, गार झालेली पोळीभाजी आली. गाडी रानात थांबली की चाळीस डब्यांच्या टोकाला आपण एकटेच आहोत ही जाणीव आली, आणि पुढे इंजिनात निदान बोलायला दोघं-तिघं असत याचा इतक्या वर्षांनीही न गेलेला हेवा आला. माझ्या कथेतला खून बाजूलाच राहिला. गार्डसाहेब कथानायक होऊन बसले!

औषधाच्या दुकानात अनुभव निराळा. गिऱ्हाइकांची गर्दी ओसरलेली पाहून मी हलक्या आवाजात विचारलं, "चवीला लागणार नाही असं एखादं विष असतं का हो?" दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "दिवाळी अंक जवळ आला वाटतं, साहेब." ही खरी ओळख!

फ्रान्समध्ये हा आजार आणखी जुना. गुस्ताव फ्लोबेर याला एका साध्यासुध्या मोलकरणीची गोष्ट लिहायची होती. तिचा एक पोपट असतो. तो मरतो, ती त्यात भुसा भरून घेते, आणि अखेरच्या घटकेला तिला आभाळात तोच पोपट पंख पसरून बसलेला दिसतो. पोपट कसा दिसतो हे सांगायला आपल्याला कुठे उठावं लागतं? हिरवा रंग, लाल चोच, विठू विठू! फ्लोबेरने १८७६ साली रूआँच्या संग्रहालयातून भुसा भरलेला पोपट उसना आणला आणि लिहायच्या टेबलावर ठेवला. काही आठवड्यांनी त्याने एका पत्रात कळवलं, की हा पोपट आता माझ्या डोक्यात जायला लागलाय. तरी त्याने तो परत पाठवला नाही. कथा १८७७ साली आली, आणि आज ती वाचताना त्या म्हातारीला हसू येत नाही, घशात आवंढा येतो. पोपट खोटा असता तर म्हातारी खुळी ठरली असती.

याच फ्लोबेरने शेवटच्या कादंबरीसाठी दीड हजारांवर पुस्तकं वाचली. कादंबरी कशाची? तर सगळ्या विद्या शिकायला बसलेल्या आणि एकही धड न जमणाऱ्या दोन कारकुनांची. दोन माणसांचं अज्ञान नीट रंगवायला दीड हजार पुस्तकं! १८८० च्या मे महिन्यात फ्लोबेर गेला. पुस्तकं वाचून झाली होती, कादंबरी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप हवाच कशाला? गोष्ट ती गोष्ट. तुमच्या बाजूने साक्षीदारही मोठा आहे : शेरलॉक होम्सचा जन्मदाता सर आर्थर कॉनन डॉइल. १८९२ साली 'स्ट्रँड' मासिकात त्याची शर्यतीच्या घोड्याची गोष्ट आली, 'सिल्व्हर ब्लेझ'. डॉइलला शर्यतींतलं फारसं काही कळत नव्हतं. एका शर्यतवाल्या पत्राने लिहिलं, की माणसं खरोखरच या गोष्टीतल्यासारखी वागली असती तर निम्मी तुरुंगात गेली असती आणि उरलेल्यांना मैदानावर जन्माची बंदी झाली असती. हे आपल्या आत्मचरित्रात सांगताना डॉइलला लाज नाही, मौज वाटते.

पण तोच डॉइल सायकलपाशी सापडला. 'द प्रायरी स्कूल' या १९०४ सालच्या गोष्टीत होम्स चिखलातल्या चाकांच्या खुणा बघून सायकल कुठल्या दिशेला गेली ते सांगतो. झालं! ते सांगता येणं शक्य नाही, अशी वाचकांची पत्रं आली. शेवटी डॉइल स्वतः सायकल काढून बघायला गेला. होम्सने मागच्या चाकाची खूण पुढच्या चाकाच्या खुणेवर पडते म्हणून दिशा सांगितली होती. पण सायकल कुठल्याही दिशेला गेली तरी तसंच होतं. वाचक बरोबर होते. मात्र चढावर चाकं खोल रुततात आणि उतारावर हलकी जातात, हे त्याला तिथे दिसलं, आणि चढउताराच्या माळावर होम्सला दिशा सांगता आली असती, असं समाधान करून घेऊन तो घरी परतला. घोड्यांच्या बाबतीत निर्धास्त असलेला माणूस चाकाच्या खुणा तपासायला माळावर गेला, यातच सगळं आलं.

कारण, वाचकहो, वाचकांमध्ये एक 'तो' असतो. हजार वाचक गोष्ट वाचतात, त्यांतल्या नऊशे नव्याण्णवांना पिस्तूल आणि पिचकारी यांतला फरक सांगता येणार नाही. हजारावा मात्र टपून बसलेला असतो. इयान फ्लेमिंगच्या जेम्स बाँडला असा वाचक १९५६ साली भेटला. ग्लासगोचे जेफ्री बूथरॉइड नावाचे बंदुकांचे जाणकार. त्यांनी फ्लेमिंगला लिहिलं, की तुमचा बाँड जे बेरेटा पिस्तूल बाळगतो ते बायकांच्या पर्समधलं आहे, आणि तसल्या बायकाही फारशा सभ्य नसाव्यात. दुसरा लेखक असता तर आठ दिवस जेवला नसता. फ्लेमिंगने उलट त्यांचाच सल्ला घेतला. १९५८ च्या 'डॉक्टर नो' मध्ये बाँडचं बेरेटा काढून घेतलं जातं आणि त्याच्या हाती वाल्थर पीपीके येतं. ते देणाऱ्या शस्त्रतज्ज्ञाचं नाव? मेजर बूथरॉइड! हजारावा वाचक पुस्तकातच जाऊन बसला.

मात्र काही वेळा हा हजारावा वाचक सरकारी नोकरीत असतो, आणि मग पंचाईत होते. मार्च १९४४ मध्ये 'अस्टाउंडिंग' नावाच्या अमेरिकन विज्ञानकथा मासिकात क्लीव्ह कार्टमिल याची 'डेडलाइन' ही गोष्ट आली. गोष्ट बेताचीच. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर 'सिक्सा' आणि 'सेइला' या दोन पक्षांची लढाई. ही नावं इंग्रजीत उलटी वाचली की 'अ‍ॅक्सिस' आणि 'अ‍ॅलाइज' निघतात. एवढीच काय ती गुप्तता. पण त्यात युरेनियम २३५ च्या बाँबचं वर्णन होतं. आणि त्याच वेळी अमेरिकन सरकार, जगाला पत्ता लागू न देता, न्यू मेक्सिकोच्या डोंगरात नेमका तोच बाँब बनवीत होतं! लष्कराचे गुप्तहेर संपादक जॉन कॅम्पबेलच्या दारात हजर. हे तुला कुणी सांगितलं? कॅम्पबेलचं उत्तर साधं होतं : युद्धाआधीच्या छापील नियतकालिकांत सगळं आहे, वाचायचे कष्ट घ्या. चौकशी झाली, फितुरी सापडली नाही. अशा गोष्टी एकाएकी बंद केल्या तर उलट शत्रूला संशय येईल, असं आपण त्यांना सुनावल्याचं कॅम्पबेल पुढे सांगत असे. पुढच्याच वर्षी, ६ ऑगस्ट १९४५ ला, हिरोशिमावर तो बाँब पडला, आणि गोष्टीतली गंमत कायमची संपली.

तर अशा चौकशीचा उपयोग काय? चाकाच्या खुणा, पिस्तूल, पोपट, कठडा. हजाराव्या वाचकाने पत्र लिहू नये एवढाच? तसं वाटत असेल तर अगाथा ख्रिस्तीबाईंची हकीकत ऐका.

पहिल्या महायुद्धात टॉर्की गावातल्या इस्पितळात बाई आधी नर्स होत्या, मग औषधं तयार करण्याच्या खोलीत गेल्या. आपल्या भाषेत कंपाउंडर. १९१७ साली त्यांनी त्याची परीक्षाही दिली. तिथे त्यांना शिकवणारा एक औषधवाला होता. तो खिशात क्युरारी नावाच्या जहाल विषाचा खडा घेऊन हिंडायचा. का, तर खिशात तो असला की अंगात ताकद आल्यासारखी वाटते म्हणे! आपल्याकडे लोक खिशात लिंबू ठेवतात. बाईंनी हा माणूस मनात जपून ठेवला. १९२० साली त्यांची पहिली रहस्यकथा आली, तिच्यातल्या स्ट्रिक्निनच्या प्रकरणाची औषधविक्रेत्यांच्या पत्रानेही वाखाणणी केली, आणि सगळ्या परीक्षणांत बाईंना तेच अधिक सुखावून गेलं. साहजिकच आहे. रसिकांनी वाहवा करणं वेगळं आणि कंपाउंडरने मान डोलावणं वेगळं.

त्या खिशातल्या खड्यावरून चाळीसेक वर्षांनी 'द पेल हॉर्स' ही कादंबरी आली. साल १९६१. तिच्यातलं विष थॅलियम. त्याने माणूस हळूहळू खंगतो, निरनिराळ्या रोगांची लक्षणं दिसतात आणि केस गळतात. सगळं पाठ्यपुस्तकाबरहुकूम. १९७१ साली इंग्लंडमधल्या एका कारखान्यात चहातून थॅलियम देऊन दोघांचे जीव घेतले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी बाईंच्या कादंबरीकडे बोट दाखवलं. खरं म्हणजे तो गुन्हेगार चौदाव्या वर्षीच, १९६२ साली, घरच्या माणसांना विष घातल्याबद्दल कोठडीत गेला होता. त्याला शिकवणी लावायची गरज नव्हती. पण म्हातारपणी बाईंच्या जिवाला घोर लागलाच. आपण इतकं बरोबर लिहायला नको होतं का?

जानेवारी १९७६ मध्ये बाई वारल्या. याचं उत्तर १९७७ साली आलं. कतारहून एकोणीस महिन्यांची एक मुलगी लंडनला हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये आणली होती. अर्धवट शुद्धीत. दिवसेंदिवस ढासळत चाललेली. मोठमोठ्या डॉक्टरांना निदान होईना. तिची शुश्रूषा करणाऱ्या नर्सच्या हातात त्या दिवसांत 'द पेल हॉर्स' होती. पोरीचे केस गळताना तिने पाहिले आणि धीर करून डॉक्टरांना म्हणाली, की हे थॅलियम असेल का? इतक्या मोठ्या डॉक्टरांपुढे, हातात रहस्यकथा घेऊन हे बोलायला काय छाती लागली असेल! तपासणी झाली. थॅलियमच निघालं; घरात झुरळं-उंदरांसाठी आणलेल्या औषधातून पोटात गेलेलं. उपचार सुरू झाले आणि पोर वाचली.

हजारावा वाचक म्हणून मी ज्याची एवढी धास्ती बाळगतो, तो असाही असतो. बाईंनी केस गळण्याऐवजी दात पडल्याचं लिहिलं असतं तरी कादंबरी तितकीच खपली असती. खोट्या खुनात एक लक्षण इकडेतिकडे झालं म्हणून कोण रडतंय? पण त्यांनी ते खरं लिहिलं, आणि सोळा वर्षं ते पान मिटलेल्या पुस्तकात थांबून राहिलं, एका पोरीसाठी. ती पोर आज पन्नाशीच्या घरात असेल.

म्हणून सांगतो, घरातल्या लेखकाच्या फोनमध्ये 'केस गळायला लावणारी विषं' असं काही सापडलं, तर लगेच माहेरी फोन लावू नका आणि पोलिसांकडेही जाऊ नका. आधी प्रेमाने विचारा, की कुठल्या अंकासाठी? तो आनंदाने दीड तास सांगेल.

फक्त त्या दिवसापुरता चहा तेवढा आपल्या हाताने करा.